बाजाराचा वार कोण ठरवतो?

नागपूरहून दक्षिणेकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात जाम या गावी पोहोचतो, तेव्हा तेथून एक रस्ता वरोरा-भद्रावतीमार्गे चंद्रपूरकडे वळतो, मूळ मार्ग हिंगणघाटावरून हैदराबादच्या दिशेने पुढे जातो आणि आणखी एक रस्ता समुद्रपूर-गिरडच्या बाजूला निघतो. लांब पल्ल्याच्या प्रवाशाच्या लेखी जाम म्हणजे चहा-नाश्त्यासाठी गाडी थांबवण्याचा चौरस्ता होय. परंतु ज्यांचे पोट आठवडी बाजारावर चालते, त्या फिरत्या विक्रेत्यांच्या दृष्टीने अशा चौरस्त्याचा अर्थ निराळा असतो, कारण तेथून आज या गावच्या, उद्या त्या गावच्या आणि परवा तिसऱ्याच तालुक्यातील बाजाराला माल घेऊन पोहोचता येते. बाजाराचा माल असा सतत रस्त्यावर असतो, गावे जागच्या जागी असतात आणि या दोहोंची गाठ आठवड्यातून एकदाच पडते.

याच भागातील एखादे कुटुंब जेव्हा सहलीसाठी बँकॉकला जाते आणि तेथील चतुचक या शनिवार-रविवारच्या प्रचंड बाजारात शिरते, तेव्हा त्याच्यासमोर वरकरणी परिचयाचेच दृश्य असते : उघड्यावरची दुकाने, डोक्यावर ताडपत्री, चेंगराचेंगरीच्या बेताला आलेली गर्दी, घासाघीस आणि खाण्याच्या गाड्यांचा धूर. पर्यटनविषयक लेखनात अशा बाजाराचे वर्णन हमखास ‘गोंधळ’ या शब्दाने केले जाते, आणि तेथेच ते लेखन फसते. आठवड्यातून ठरावीक दिवशी भरणाऱ्या कोणत्याही बाजारात काटेकोर व्यवस्था असते. ती ओळखायची तर तेथे काय विकले जाते याआधी तो त्याच दिवशी का भरतो, हे विचारावे लागते. या प्रश्नाचे विदर्भातील उत्तर एक आहे आणि बँकॉकमधील उत्तर दुसरे आहे.

रोज न भरता ठरावीक दिवसांच्या अंतराने भरणाऱ्या बाजाराला भूगोलाचे अभ्यासक आवर्ती बाजार म्हणतात. त्यामागील कारण समजून घेण्यासाठी वाल्टर क्रिस्टालर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १९३३ मध्ये मांडलेल्या केंद्रस्थान सिद्धान्तातील दोन संकल्पना उपयोगी पडतात. पहिली उंबरठा मागणीची, म्हणजे एखादे दुकान तोट्यात न जाता चालण्यासाठी लागणाऱ्या किमान गिऱ्हाइकीची. आणि दुसरी पल्ल्याची, म्हणजे एखादी वस्तू घेण्यासाठी गिऱ्हाईक जास्तीत जास्त किती अंतर तुडवायला तयार असते त्या मर्यादेची. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात बांगड्यांचे, तयार कपड्यांचे किंवा सुक्या मासळीचे रोजचे दुकान टाकले, तर पल्ल्याच्या आत येणारी सगळी माणसे मिळूनही उंबरठा गाठला जात नाही. गिऱ्हाईक दुकानापर्यंत रोज येऊ शकत नसेल, तर दुकानानेच गिऱ्हाइकाकडे जावे आणि सहा-सात गावांची आठवड्याची मागणी एकत्र करून आपला उंबरठा गाठावा, ही युक्ती म्हणजेच आठवडी बाजार होय. म्हणूनच शेजारशेजारच्या गावांचे बाजार सहसा एकाच वारी नसतात. तसे ते ठेवले, तर दोन्ही गावांना निम्मेच विक्रेते मिळतील.

जी. विल्यम स्किनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६४-६५ मध्ये ग्रामीण चीनमधील बाजारांवर जे गाजलेले लेखन केले, त्यात हेच जाळे नकाशावर मांडून दाखवले आहे. त्याच्या मते चिनी शेतकऱ्याचे सामाजिक जग त्याच्या गावाच्या वेशीपाशी संपत नव्हते, तर सुमारे अठरा गावांना सामावणाऱ्या बाजारक्षेत्राएवढे विस्तारलेले होते; सोयरीक, उधारी, मध्यस्थी आणि बातमी ही सगळी त्याच वर्तुळात फिरत असे. विदर्भातील वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही, कारण ज्या गावांचा बाजार एक, त्या गावांत मुली देण्याघेण्याची चाल येथेही आहे. आवर्तनाचे मान मात्र देशोदेशी बदलते. जावा बेटावर लगी, पाहिंग, पोन, वगे आणि क्लिवोन असे पाच दिवसांचे बाजारचक्र चालत आले, नायजेरियातील इग्बो समाजात एके, ओरिये, आफो आणि न्क्वो या चार दिवसांचे, तर चीनच्या बऱ्याच भागांत चांद्रमासाच्या दहा दिवसांच्या हिशेबाचे. वस्ती आणि खरेदीची ताकद वाढली की दोन बाजारांमधले अंतर कमी होत जाते आणि शेवटी बाजार रोजचा होतो. नागपुरातील इतवारी, बुधवारी आणि मंगळवारी या वस्त्यांची नावे वारांवरून पडली. पण आज इतवारीत रविवारची वाट पाहत कोणी थांबत नाही, तेथे सबंध विदर्भाचा ठोक व्यापार रोज चालतो. पुण्याच्या पेठांची वारांची नावेही याच प्रकारात मोडतात.

युक्ती कळली तरी वाराचा प्रश्न उरतोच. एखाद्या गावचा बाजार मंगळवारचा की शनिवारचा हे मुळात कोणी, केव्हा ठरवले याची नोंद बहुतेक ठिकाणी सापडत नाही. परंतु एकदा ठरलेला वार टिकून राहतो, कारण त्या परिसरातील मजुरीचा चुकारा त्या वाराला बांधलेला असतो. वर्धा-नागपूर-चंद्रपूर पट्ट्यात शेतमजुरांना आठवड्याची मजुरी बाजाराच्या दिवशी चुकती करण्याची रीत जुनी आहे आणि अनेक गावांत आजही पाळली जाते. त्या दिवशी शेतीची कामे बंद असतात किंवा अर्ध्या दिवसावर आटोपतात. सकाळी शेतमालकाकडून हिशेब घेऊन मजूर दुपारी बाजारात येतात आणि आठवड्याचे तेल, तिखट, मीठ, डाळ व भाजी घेऊन दिवस मावळेपर्यंत परततात. शेतमालकालाही त्याच दिवशी मजुरीला रोख लागते म्हणून तो कापसाचा किंवा धान्याचा थोडा माल आदल्या दिवशी विकायला काढतो. बाजाराचा वार म्हणजे सुट्टीचा वार हे खरे, पण ती सुट्टी पैसा हाती येण्याच्या दिवशी पडते, आणि येथील बाजाराचा वार ठरवणारी गोष्ट ही आहे.

याचाच परिणाम म्हणून बाजाराचा आकार ऋतूप्रमाणे फुगतो आणि आटतो. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी सुरू होते, तेव्हा वेचणाऱ्या स्त्रियांना किलोमागे मजुरी मिळते; जितका हात चालेल तितका पैसा, अशा या महिन्यांत कापडाच्या, भांड्यांच्या आणि मनिहारी सामानाच्या, म्हणजे टिकल्या-बांगड्या-पिना-आरसे अशा किरकोळ शृंगारवस्तूंच्या दुकानांपुढे उभे राहायला जागा नसते. पेरणीनंतरच्या श्रावणात हाच बाजार ओसरतो आणि पोळ्याच्या आधी एकदम जागा होतो, कारण त्या आठवड्यात झुली, घुंगरमाळा, बेगड आणि दोर घेतल्याखेरीज शेतकऱ्याचे चालत नाही. नागपूर-वर्धा भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा असतो, त्यासाठी चाके लावलेले लाकडी बैल याच बाजारात मांडलेले असतात.

बाजारात शिरणाऱ्याला प्रथम माणसे दिसतात, जागेची रचना उशिरा दिसते. बहुतेक मोठ्या आठवडी बाजारांत सारख्या मालाची दुकाने एका ओळीत बसतात : भाजीपाल्याची ओळ, मिरची-मसाल्याची ओळ, कापडाची पाले, एका कडेला मासळी व कोंबड्या, दुसऱ्या कडेला मडकी, टोपल्या-सुपे आणि लोखंडी अवजारे, आणि जागा असेल तर सर्वांत बाहेर बैलबाजार. प्रतिस्पर्ध्याला खेटून बसण्यात विक्रेत्याचे नुकसान होईल असे वाटते, पण ज्या ओळीत दहा दुकाने त्या ओळीत गिऱ्हाईक हमखास येते आणि एकट्या पडलेल्या दुकानाकडे फिरकत नाही, हा धंद्यातला रोकडा अनुभव आहे. जागा लिहून दिलेली नसते. पण अमक्या बाभळीखालची जागा अमक्याची, हे सर्वांना ठाऊक असते आणि दोन-तीन आठवडे आजारपणामुळे कोणी आले नाही तरी शेजारी ती राखून ठेवतात. पहाटे ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान मालवाहू गाड्या येतात, बांबू रोवले जातात, त्यांवर ताडपत्री ताणून पाल उभे राहते; ज्यांच्याजवळ पालापुरताही माल नसतो अशा आसपासच्या गावच्या स्त्रिया गोणपाटावर वांगी, चवळीच्या शेंगा, अंबाडीची भाजी आणि सांबार मांडून बसतात. (सांबार म्हणजे विदर्भातली कोथिंबीर, पुण्या-मुंबईच्या वाचकाने येथे इडली शोधू नये.) स्वतः पिकवलेला माल स्वतः विकून आलेला पैसा स्त्रीच्या हाती राहण्याची जी थोडी ठिकाणे ग्रामीण जीवनात आहेत, त्यांत या गोणपाटाचा क्रमांक वरचा लागतो.

तराजूकडे जवळून पाहिले तर या बाजारातील विश्वासाचे गणितही दिसते. जुन्या हाततराजूची दोन पारडी रिकामी असताना समतोल राहत नसत. हलक्या पारड्याच्या बाजूला चिंधी, दोरा किंवा खडा बांधून तो फरक भरून काढला जाई. या फरकाला पासंग म्हणतात आणि रिकामे भांडे किंवा पिशवी तोलण्याआधी दुसऱ्या पारड्यात तेवढेच वजन टाकून हिशेब बरोबर करण्याला धडा करणे म्हणतात. चाणाक्ष गिऱ्हाईक माल घेण्याआधी रिकामा तराजू उचलायला लावी. पायली आणि शेराच्या जागी दशमान वजने-मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने आली आणि आता २००९ च्या वैधमापन कायद्यानुसार इलेक्ट्रॉनिक काट्यांचीही ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यांवर शिक्का मारून घ्यावा लागतो. तरीही पालेभाजी आणि मिरच्या कित्येक ठिकाणी वाट्यानेच, म्हणजे समोर लावलेल्या लहान ढिगाने विकल्या जातात. ढीग डोळ्यांसमोर असतो, त्यामुळे काट्यावर शंका घेण्याचा प्रसंगच येत नाही.

भावाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञाने मोरोक्कोतील सेफ्रू या गावच्या बाजाराचा अभ्यास करून १९७८ मध्ये असे मांडले की, बाजारात सर्वांत दुर्मीळ असते ती माहिती : मालाचा खरा दर्जा काय, आजचा चालू भाव काय आणि पुढच्या दुकानात तो किती, हे कोणालाच पुरते ठाऊक नसते. ही टंचाई दूर करण्याचे दोन मार्ग गीर्ट्झ सांगतो. एक घासाघिशीचा, ज्यातून एकाच वस्तूविषयी खोलवर माहिती काढता येते. आणि दुसरा ठरलेल्या विक्रेत्याला धरून राहण्याचा, ज्यामुळे दर वेळी नव्याने शोध घ्यावा लागत नाही. वऱ्हाड-नागपूरच्या बाजारात हे दोन्ही मार्ग एकाच वेळी चालतात. सकाळची पहिली विक्री, म्हणजे बोहनी, मोडू नये म्हणून विक्रेता थोडे नमते घेतो. भर दुपारी तो ताठ असतो. आणि संध्याकाळी, माल परत नेण्याचे भाडे परवडत नसल्याने, भाजीचा भाव निम्म्यावर येतो. हातावर पोट असलेली माणसे मुद्दाम दिवेलागणीच्या वेळी बाजाराला येतात. ताजेपणा हवा असणारा सकाळी आणि स्वस्ताई हवी असणारा संध्याकाळी, अशी गिऱ्हाइकांची विभागणी घड्याळाकडे न पाहता होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाला आठवड्याची उधारीही मिळते, आणि ती बहुधा पुढच्या बाजारी फिटते. कारण पुढचा बाजार येणार असतो आणि तोंड दाखवावे लागणार असते.

या सगळ्यावर सरकारी छत्र अगदी पातळ आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने (१९५८) ग्रामपंचायतीला बाजाराच्या जागेवर फी आकारण्याचा अधिकार दिला आहे. व्यवहारात ही वसुली वर्षाच्या बोलीने हर्रास करून, म्हणजे लिलाव पुकारून ठेकेदाराला दिली जाते आणि त्याचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दुकानादुकानातून फिरतो. पाण्याची सोय, स्वच्छतागृह आणि पावसाळ्यात चिखल होणार नाही असे ओटे, हे त्या पैशातून व्हावे अशी अपेक्षा असते. ओटे बांधले जातात, पण पुष्कळदा ते अशा जागी आणि अशा उंचीवर बांधले जातात की विक्रेते त्यांना पाठ दाखवून खालीच बसतात. तीस-चाळीस वर्षे बाजारात बसणाऱ्याला विचारल्याशिवाय बाजाराचा आराखडा करू नये, एवढेही भान त्यात दिसत नाही. २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने ‘नैसर्गिक बाजार’ ही संकल्पना कायद्यात आणली, म्हणजे विक्रेते व गिऱ्हाईक जेथे परंपरेने दीर्घकाळ एकत्र येत आले आहेत अशा जागेला मान्यता दिली. मात्र हा कायदा प्रामुख्याने शहरांसाठी आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा आठवडी बाजार सर्वांत आधी बंद झाले आणि उघडण्याच्या क्रमात ते बरेच मागे राहिले. त्या महिन्यांत भाजी हातगाड्यांवरून दारोदार आली, पण बांगड्या, मडकी, सुपे आणि दोर विकणाऱ्यांना दारच उरले नाही.

येथून बँकॉककडे वळताना मधला एक दुवा महाराष्ट्रातलाच आहे. हिंदुस्थानी गिरणी कामगाराला आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. ती मिळावी यासाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत अनेक वर्षे खटपट केली आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. मजुरीच्या दिवसाहून वेगळा असा मोकळ्या वेळेचा एक दिवस कष्टकऱ्याच्या आठवड्यात आला, तो असा. शहर वाढते, नोकरदार वाढतात, पगार महिन्याने मिळू लागतो, आणि मग बाजाराचा वार पैसा केव्हा आला यावरून ठरेनासा होतो. माणूस केव्हा रिकामा आहे यावरून तो ठरू लागतो. चतुचक हा अशा बाजाराचा ठळक नमुना आहे.

थायलंडचे पंतप्रधान पिबुनसोंगख्राम यांनी १९४० च्या दशकात प्रत्येक नगराला स्वतःचा बाजार असावा असे धोरण अवलंबिले, त्यातून बँकॉकचा शनिवार-रविवारचा बाजार उभा राहिला. राजवाड्यालगतच्या सनाम लुआंग या विस्तीर्ण मैदानावर तो अनेक वर्षे भरत असे. १९८२ मध्ये नगरीची द्विशताब्दी साजरी होणार होती, त्या सुमारास हे मैदान मोकळे करण्यात आले आणि बाजार शहराच्या उत्तरेला, थायलंडच्या रेल्वेच्या मालकीच्या जमिनीवर हलवला गेला. आज सुमारे २७ एकरांवर पसरलेल्या या बाजारात दहा हजारांहून अधिक गाळे असून ते २७ विभागांत वाटलेले आहेत. जमीन रेल्वेची आणि कारभार महानगरपालिकेचा, या दुहेरी व्यवस्थेतून भाड्याचे वाद निघाले. २०१२ मध्ये रेल्वेने कारभार स्वतःकडे घेतला आणि २०१८ च्या अखेरीस तो पुन्हा महानगरपालिकेकडे गेला. म्हणजे येथेही पावतीपुस्तक कोणाच्या हाती, हा प्रश्न सुटलेला नाही, फक्त आकडे मोठे आहेत.

परंतु साम्य येथेच संपते. चतुचकचा विक्रेता दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावाला जात नाही; त्याचा गाळा पक्का आहे, त्याला क्रमांक आहे आणि त्याचे भाडे महिन्याने भरले जाते. फिरते ते गिऱ्हाईक, तेही देशोदेशीचे, आणि बहुधा एकदाच येऊन जाणारे. त्यामुळे गीर्ट्झने सांगितलेल्या दोन मार्गांपैकी ठरलेल्या विक्रेत्याचा मार्ग परदेशी प्रवाशाला बंद असतो. उधारी नसते, ओळख नसते, पुढचा बाजार नसतो. उरते ती घासाघीस, आणि तीही मर्यादित. विदर्भात सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलणी सुरू करणाऱ्या गिऱ्हाइकाने तेथे तसे केले, तर विक्रेता हसून दुसरीकडे वळतो. त्याऐवजी एकाच दुकानातून तीन-चार नग एकदम घेतले तर ठोकाचा भाव आपणहून सांगितला जातो, कारण तेथील पुष्कळ दुकाने किरकोळ आणि ठोक असे दोन्ही धंदे करतात. संध्याकाळी भाव पडेल या आशेवर थांबण्यातही अर्थ नाही. कपडे, मातीची भांडी आणि शोभेच्या वस्तू पुढच्या शनिवारपर्यंत नासत नाहीत.

गर्दीत वाट काढण्याचे कसब मात्र येथून नेता येते. चतुचकच्या भोवती एक वाहता रस्ता आहे, त्यातून आत काटकोनात फुटलेल्या अरुंद गल्ल्या आहेत आणि मधोमध घड्याळाचा मनोरा आहे. चुकामूक झाली तर भेटायचे ठिकाण म्हणून तोच सोयीचा. झाडे एका भागात, जुन्या वस्तू दुसऱ्या, कपडे तिसऱ्या, अशी सारख्या मालाची वस्ती तेथेही असल्याने हवी ती ओळ एकदा सापडली की शोध सोपा होतो. पण आवडलेल्या दुकानाचा विभाग आणि गाळा क्रमांक टिपून न ठेवता ‘नंतर येऊ’ म्हणून पुढे गेलेल्याला ते दुकान पुन्हा सापडणे कठीण. दुपारपर्यंत पत्र्याखालचा उकाडा असह्य होतो, म्हणून सकाळी लवकर जावे हा सल्ला विदर्भाच्या मे महिन्यात वाढलेल्या माणसानेही ऐकावा, कारण तेथील हवेत दमटपणा फार असतो. भुयारी रेल्वेच्या काम्फेंग फेत स्थानकातून बाहेर पडताच बाजार लागतो. आत शिरताना बाहेर पडण्याचा रस्ता आधी पाहून ठेवावा : ११ जून २०२४ रोजी बाजारालगतच्या पाळीव प्राण्यांच्या दुकानांना आग लागून हजाराहून अधिक प्राणी पिंजऱ्यांतच दगावले, आणि दाटीने उभारलेल्या गाळ्यांत आग किती वेगाने पसरते हे त्यातून दिसले.

शेतकरी कुटुंबातील प्रवाशाला सर्वांत मोठा मोह होतो तो झाडांचा. चतुचकमध्ये बुधवार आणि गुरुवारी झाडांचा बाजार भरतो. तेथील ऑर्किड, आंबा-पेरूची कलमे आणि बियाणे पाहून एखादे रोप पिशवीत घालून आणावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भारताच्या २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशानुसार परदेशातून रोपे, कलमे व बियाणे आणण्यासाठी आयात परवाना आणि तेथील सरकारचे वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. संगरोध म्हणजे बाहेरून येणाऱ्या पिकासोबत कीड वा रोग येऊ नये म्हणून केलेली अडवणूक. ज्या जिल्ह्याने कपाशीवरील गुलाबी बोंडअळीचा फटका सोसला आहे, तेथील माणसाला या अडवणुकीचे कारण समजावून सांगावे लागत नाही. बुद्धमूर्तींच्या बाबतीतही थायलंडच्या ललितकला विभागाच्या परवानगीखेरीज त्या देशाबाहेर नेता येत नाहीत, हे खरेदीआधी लक्षात ठेवावे.

परदेशी बाजार पाहून आलेला माणूस मायदेशी बाजार विकासाच्या गोष्टी करू लागतो, आणि महाराष्ट्रात त्या दिशेने काही पावले पडलीही आहेत. २०१६ मध्ये फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाल्यानंतर राज्य कृषी पणन मंडळाने संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. त्यांत शेतकऱ्यांचे गट पुण्या-मुंबईच्या वस्त्यांत थेट माल विकतात. नाव आठवडी बाजाराचेच आहे, पण शेतकरी येथे गाडीभाडे भरून नोकरदाराच्या दारी जातो. वार ठरवण्याचा अधिकार मजुरीकडून मोकळ्या वेळेकडे सरकत असल्याची ही खूण आहे. रोजगार हमीची मजुरी रोख न मिळता बँक खात्यात जमा होऊ लागल्याने गावच्या बाजारातही ती पकड थोडी सैल झाली आहे.

चतुचकमध्ये गावोगावच्या खास वस्तूंवर एक ठरावीक सरकारी खूण दिसते. जपानच्या ओइता प्रांतात १९७९ मध्ये ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ सुरू झाली, तिचे अनुकरण करून थायलंडने २००१ पासून आपल्या तालुक्याहून लहान अशा तांबोन या घटकासाठी ही योजना राबवली, तिची ती खूण. जामच्या परिसराकडे अशा खुणेच्या लायकीचा माल आहेच. समुद्रपूर तालुक्यातील वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे विशिष्ट मुलुखाच्या माती-हवेमुळे आणि तेथील लागवडीच्या रीतीमुळे अंगी येणाऱ्या गुणांबद्दल त्या मुलुखाचे नाव वापरण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. हा हक्क केवळ नोंदणी केलेल्या अधिकृत वापरकर्त्यांना असतो. प्रदर्शनात आणि शहरी दुकानात ही हळद छापील पुडीत मिळते. आठवडी बाजारात ती इतर हळदीशेजारी उघड्या ढिगात असते आणि विक्रेता तोंडाने ‘वायगावची आहे’ एवढेच सांगतो. तेथे गिऱ्हाईक हळकुंड उचलते, दोन्ही हातांनी कटकन मोडते, आतला रंग पिवळ्याकडे जातो की गडद केशरीकडे ते उजेडात धरून पाहते, नखाने खरवडून वास घेते आणि मग भावाला हात घालते. नोंदणीकृत शेतकऱ्याला या ढिगात आपला भाव वेगळा काढता येत नाही, म्हणून तो माल बाजारात न आणता पुडीत भरून बाहेर पाठवतो. आणि समुद्रपूर-हिंगणघाटच्या स्वयंपाकघरांत बाजारातल्या मोडून पाहिलेल्या हळदीवरच काम भागते.